हिवाळी केदारकंठा: काचेसारख्या बर्फावर चालायचं कसं? सल्ला हवा आहे

करवंद (१२ नोव्हेंबर)

मंडळी, मदत हवी आहे. मी ४८, लेक १९, मुक्काम ठाणे. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात लेकीला सुट्टी आहे आणि तिने उत्तराखंडातला केदारकंठा डोक्यात घेतलाय. सह्याद्रीत मी बऱ्यापैकी हिंडलेय. कळसूबाईला किती वेळा गेले ते मोजणं सोडलंय, राजगड-तोरणा झालंय, हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने झालाय (एकदाच, आणि पुन्हा नाही). चढाची भीती नाही, दमाची नाही, थंडीचीही फारशी नाही. भीती आहे ती निसरड्याची. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात शेवाळावरून पाय सटकला आणि उजवा घोटा चांगलाच मुरगळला. तेव्हापासून ओला कातळ दिसला तरी पोटात गोळा येतो. इथे तर अख्खा डोंगरच निसरडा!

तर प्रश्न असे: बुटाखाली लावायला क्रॅम्पॉन घ्यायचे की मायक्रोस्पाइक्स? विकत की भाड्याने? माझे नेहमीचे ट्रेकिंगचे बूट चालतील का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, उतरताना काय करायचं? तारीख पुढे ढकलावी असं वाटत असेल तर तेही सांगा, लेकीला मी बघून घेते.

कृपा करून 'जा बिनधास्त, काही होत नाही' असं लिहू नका. ते घरी माझा भाऊ रोज सांगतोच आहे.

नाणेघाट्या (१२ नोव्हेंबर)

जा बिनधास्त, काही होत नाही.

(पळतो.)

घसारा (१३ नोव्हेंबर)

करवंदताई, मी मित्रमंडळींबरोबर तीनदा गेलोय, दोनदा जानेवारीत आणि एकदा नेमका नाताळात. लांबलचक लिहितोय, चहा घेऊन बसा.

आधी तारखेचं. २४ डिसेंबर ते २ जानेवारी टाळता आलं तर टाळाच. गर्दीचा त्रास होतो म्हणून सांगत नाही, म्हणजे तोही होतोच. मुद्दा बर्फाचा आहे. ताजा पडलेला भुसभुशीत बर्फ फारसा निसरडा नसतो, त्यात पाय रुततो आणि पकड मिळते. तोच बर्फ शेकडो बुटांनी तुडवला की घट्ट होतो, दुपारच्या उन्हात वरचा थर वितळतो, रात्री पुन्हा गोठतो. असं चार दिवस झालं की वाटेचा संगमरवर होतो. नाताळातला केदारकंठा म्हणजे हा संगमरवर आणि त्यावर रांग. समोरचा घसरला की मागचे दहा जण थांबतात, थांबले की गारठतात, आणि घाईघाईत पाऊल टाकलं की पुढचा नंबर त्यांचा. जानेवारीच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बर्फ जास्त असतो, पण चालायला सोपा असतो. ऐकायला उलटं वाटेल, खरं तसंच आहे.

आता वाट. देहरादूनहून सांक्रीला गाडीने आठ ते दहा तास लागतात, मसुरी, नौगाव, पुरोला, मोरी असं करत. नैटवाडला रूपिन आणि सुपिन एकत्र येऊन टोन्स होते, गोविंद अभयारण्याची चौकीही तिथेच. सांक्री साधारण ६,४०० फुटांवर. पहिला मुक्काम जुडा का तालाब, ९,१०० फुटांच्या आसपास. दुसरा बेस कॅम्प, सव्वाअकरा हजार. माथा साडेबारा हजार. शेवटच्या चढाईला पहाटे तीनच्या सुमारास निघतात, सूर्योदयाला वर. स्वर्गारोहिणी, बंदरपूंछ, काळानाग समोर उभे असतात, त्याबद्दल मी काही लिहीत नाही, तुम्ही स्वतः बघा.

पहाटे तीनला बर्फ सगळ्यात कडक असतो. तेव्हा मायक्रोस्पाइक्स लागतातच. ही रबराची जाळी बुटावर ताणून चढवायची असते, खाली साखळ्या आणि साधारण सेंटीमीटरभराचे दाते. क्रॅम्पॉनचे दाते दोन-तीन पट लांब असतात, ते खऱ्या गिर्यारोहणासाठी. त्यांना कडक तळव्याचा बूट लागतो आणि सवय नसेल तर एका पायाचा दाता दुसऱ्या पायाच्या पँटमध्ये अडकून माणूस तोंडावर पडतो. केदारकंठाला ते नकोत.

विकतच घ्या. सांक्रीत भाड्याने मिळतात, पण सीझनच्या शेवटी शेवटी त्यांची अवस्था एसटीच्या मागच्या सीटसारखी झालेली असते. मला एकदा मिळालेल्या जोडीची एक साखळी तारेने बांधलेली होती. घेताना आपला बूट घेऊन दुकानात जा, जाळी बुटावर चढवायला दम लागला पाहिजे. सहज चढली तर ती चालताना बाजूला सरकणार. घरी सोफ्यावर बसून दहा वेळा घालून-काढून बघा. मग हातमोजे घालून तेच करा. हे वाचून हसू येईल, पण अंधारात, उणे आठ-दहात, बोटं बधिर झालेली असताना उजवा-डावा कळत नाही.

बूट: घोट्याच्या वरपर्यंत येणारे, पाणी न शिरणारे, आत जाड मोज्यांसाठी जागा असलेले. तुमच्या घोट्यासाठी तर उंच गळ्याचेच. आणि आता महत्त्वाचं. सह्याद्रीचे बूट पकडीच्या भरवशावर घेतो आपण, कातळावर ते रबर गोंदासारखं चिकटतं. बर्फावर त्या रबराचा काही उपयोग नाही. थंडीत रबर कडक होतं, आणि खाली धरायला खडबडीत काही नसतंच.

चालणं. आपली सह्याद्रीची एक सवय तिथे घात करते. घसाऱ्यावरून उतरताना आपण मागे रेलतो, टाच रुतवतो, वेळ पडली तर बूड टेकतो. भुसभुशीत बर्फात टाच रुतवणं चालतं, उलट तेच करायचं. पण कडक बर्फावर मागे रेललात की टाच पुढे सटकते आणि माणूस पाठीवर. तिथे पूर्ण तळवा एकदम टेकायचा, सगळे दाते एकाच वेळी लागले पाहिजेत. गुडघे किंचित वाकलेले, नाक बुटाच्या टोकावर येईल इतकं अंग पुढे, पावलं आखूड, पायांत वीतभर अंतर. डोहाळेजेवणाच्या पाटाकडे निघालेल्या बाईसारखं चालायचं. माझी बायको हे वाचणार नाही अशी आशा आहे.

चिंचपेटी (१३ नोव्हेंबर)

घसारा यांना प्रचंड अनुमोदन, आणि माझी गोष्ट.

मी ज्या ग्रुपबरोबर गेले त्याचं नाव घेत नाही, लोक चांगले होते. माथा झाला, फोटो झाले, उतरून जेवलो. मोकळा चढ संपून झाडीत शिरलो तेव्हा वाटेवर बर्फ दिसेना, माती आणि बांजची (तिकडच्या ओकची) वाळकी पानं. स्पाइक्स मातीत, दगडांवर वापरले की दाते बोथट होतात म्हणून सगळ्यांनी काढून सॅकमध्ये टाकले. मीही.

पुढे एका वळणावर गाईड मुलगा ओरडला, "दीदी, पाला है, संभल के!" मी मराठी बाई. पाला म्हणजे पालापाचोळा. खाली बघितलं, होताच की पाला, ढीगभर! म्हटलं एवढं काय त्यात, आणि टाकला पाय. तिकडे पाला म्हणजे गोठलेलं दव, जमिनीला चिकटलेला बर्फाचा पातळ पापुद्रा. आपल्या पाल्याखाली त्यांचा पाला होता. पुढचं मला आठवतं ते आकाश आणि देवदाराचे शेंडे. हात आपोआप मागे टेकला, मनगट गेलं. सांक्रीपर्यंत गळ्यातल्या मफलरची झोळी, मग गाडीत देहरादूनपर्यंत प्रत्येक खड्डा मोजला. सहा आठवडे प्लास्टर.

म्हणून सांगते, उतारावर सावली दिसली की स्पाइक्स चढवा, बर्फ दिसो वा न दिसो. उत्तरेकडच्या बाजूला आणि दाट झाडीत दिवसभर ऊन पोचत नाही, तिथला पाला दुपारी दोनलाही तसाच असतो. ओढे ओलांडताना तर दगडावर तो दिसतही नाही, दगड फक्त ओला वाटतो. ओला दगड चमकत असेल आणि पाणी हलत नसेल तर ते पाणी नाही.

आणि स्पाइक्स सॅकच्या तळाशी नको, वरच्या कप्प्यात. काढायचा कंटाळा हेच माझ्या प्लास्टरचं कारण.

नाणेघाट्या (१३ नोव्हेंबर)

पाल्याखाली पाला :) हे मी आयुष्यभर विसरणार नाही. मनगट आता ठीक ना?

चिंचपेटी (१३ नोव्हेंबर)

ठीक. पोळ्या लाटायच्या नाहीत असं डॉक्टरांनी तीन महिन्यांसाठी सांगितलं होतं, घरात मी अजून ते तीन महिने संपल्याचं जाहीर केलेलं नाही.

जुनाजाणता (१४ नोव्हेंबर)

हे स्पाइक्सचं नवीन खूळ आहे. आम्ही पंचवीस वर्षांपूर्वी हिमालयात साध्या कापडी-रबरी बुटांवर फिरलो. निसरडं आलं की बुटावरून लोकरीचा मोजा चढवायचा. झालं काम. तुमच्या पिढीला प्रत्येक गोष्टीला दुकान लागतं.

घसारा (१४ नोव्हेंबर)

काका, मोज्याचं खूळ नाही, ते खरंच चालतं. न्यूझीलंडच्या डनेडिन शहरात यावर चक्क चाचणी झाली होती. थंडीत तिथल्या चढ-उताराच्या रस्त्यांवर बर्फ धरतो, तर लोकांना बुटावरून मोजे घालून उतरायला लावलं, आणि मोजेवाल्यांना पकड चांगली मिळाली. त्या संशोधनाला २०१० सालचा इग्नोबेल मिळाला, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार बक्षीस. पण तो गावातला फूटपाथ होता. मोजा दोन तास चालला की भिजतो, मग स्वतःच गोठतो. एखादा स्पाइक तुटला तर जुगाड म्हणून सॅकमध्ये जुना मोजा असू द्यावा, भरवसा त्यावर ठेवू नये.

जुनाजाणता (१४ नोव्हेंबर)

मान्य. जुगाड तर जुगाड, पण आम्ही आधी केलं.

बॉस्टनवाली (१४ नोव्हेंबर)

इथे न्यू हॅम्पशायरच्या डोंगरांत आमचं मराठी टोळकं दर हिवाळ्यात जातं, म्हणून दोन गोष्टींची भर घालते.

एक. घसरगुंडी. माथ्यावरून उतरताना सगळे बसून घसरत येतात, केदारकंठाच्या व्हिडिओंत बघितलंय मी. मजा येते, नाकारत नाही. पण पायात स्पाइक्स असताना कधीही घसरू नका. वेगात एखादा दाता बर्फात अडकला की पाय तिथेच राहतो आणि बाकीचे तुम्ही पुढे जाता. घोटा किंवा गुडघा मोडतो. करवंद, तुझा घोटा आधीच दुखरा आहे, तू तर हे भिंतीवर लिहून ठेव. घसरायचंच असेल तर आधी स्पाइक्स काढ, उताराचा शेवट डोळ्यांनी दिसतोय आणि तो सपाट आहे याची खात्री कर, वाटेत झाड-दगड नकोत. खात्री नसेल तर चालत उतर.

चालताना चुकून घसरलीसच आणि वेग येतोय असं वाटलं, तर पाठीवर पडून राहू नकोस. पटकन पालथी हो, छातीचं वजन बर्फावर टाक, कोपरं अंगाशी. पायात स्पाइक्स असतील तर पाय गुडघ्यात वाकवून वर उचल आणि गुडघ्यांनी ब्रेक लाव. नसतील तर बुटांची टोकं रुतव. हे मऊ उतारावर दोन-चार वेळा मुद्दाम करून बघायचं. लेकीला सांग, ती आनंदाने करेल.

दुसरं. दुपारी बर्फ मऊ झाला की मांडीपर्यंत पाय आत जातो. त्या खड्ड्यात पाय पिरगळतो, आणि रात्री तोच खड्डा गोठून दुसऱ्याच्या घोट्याचा सापळा होतो. इथे न्यूयॉर्क राज्यातल्या ॲडिरॉन्डॅक हाय पीक्स भागात तर आठ इंचांहून जास्त बर्फ असेल तर स्नोशूज (पाय रुतू नये म्हणून बुटाखाली बांधायचे रुंद तळवे) किंवा स्की पायात असणं नियमानेच बंधनकारक आहे. तिकडे असं काही नाही, म्हणून सकाळी लवकर उतरायला लागणं हाच उपाय. माथ्यावर फोटोत तास घालवू नका.

अवांतर: ओला बर्फ दात्यांच्या मध्ये साचून तळव्याला लाडूसारखा गोळा होतो. मग दाते जमिनीला लागतच नाहीत आणि आपण उंच टाचांच्या चपलेवर चालतोय असं वाटतं. दर थोड्या वेळाने काठीने बुटाच्या कडेला टकटक करून तो झाडायचा.

काढावाले डॉक्टर (१५ नोव्हेंबर)

पायांबद्दल सगळे बोलले, मी डोक्याबद्दल बोलतो.

तीन हजार मीटरच्या वर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरहून जास्त वाढवू नये असा ढोबळ नियम आहे. तळ्यापासून बेस कॅम्पला जाताना तो मोडतो. म्हणून सांक्रीत एक रात्र जास्त काढा. उगाच बसून राहू नका, गावाच्या वर तासभर चढून परत या. डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं हे उंचीमुळे आहे असंच धरून चालायचं. अशा वेळी आणखी वर जायचं नाही, वाढलं तर खाली उतरायचं. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) तुमच्या डॉक्टरांना विचारूनच, सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा.

बर्फावर एक घोटाळा होतो. माणूस अडखळायला लागला की सगळे म्हणतात निसरडं आहे. कधीकधी ते निसरडं नसतं. तंबूजवळच्या सपाट, तुडवलेल्या जागेवर त्याला एका रेषेत, टाचेला अंगठा लावत दहा पावलं चालायला सांगा. झोकांड्या गेल्या तर उंचीचा त्रास मेंदूपर्यंत पोचलाय, लगेच खाली न्या, रात्र असली तरी. तसंच जो थरथरत होता आणि आता थरथरायचा थांबलाय, बोलणं जड झालंय, जॅकेटची चेन लावता येत नाही, तो बरा झालेला नाही, तो जास्त गारठलाय. कोरडे कपडे, झोपण्याची पिशवी, गोड कोमट पाणी. ब्रँडी अजिबात नाही, तिने कातडी गरम वाटते आणि आतली उष्णता बाहेर जाते. बधिर पडलेली बोटं बर्फाने चोळायची नाहीत, कुणाच्या तरी काखेत धरायची.

गॉगल विसरू नका. ताज्या बर्फावरून अतिनील किरण ८० टक्क्यांपर्यंत परत फिरतात, संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं आणि दुसऱ्या दिवशी उतरताना नीट दिसत नाही.

घोट्यासाठी: आजपासून रोज दात घासताना एका पायावर उभं राहा. दोन मिनिटं, पाय बदलून. जमलं की डोळे मिटून. आणि इमारतीचे जिने चढण्यापेक्षा उतरायची सवय करा.

रानभूल (१५ नोव्हेंबर)

कपड्यांचं कुणी बोललं नाही. सुती काहीही नको, आतले कपडेसुद्धा. घाम आला की सुती कापड तो धरून ठेवतं आणि थांबलात की अंगावर ओला टॉवेल. आत थर्मल, वर फ्लीस, थांबल्यावर घालायला पिसांचं जॅकेट, सगळ्यावर वारा अडवणारं एक. पँटवरून गेटर्स (बूट आणि पोटरी झाकणारं आवरण), नाहीतर बर्फ बुटात जातो. पाण्याची बाटली जुन्या मोज्यात आणि उलटी ठेवा, पाणी वरून गोठतं त्यामुळे बूच मोकळं राहतं. नळीवाली पाण्याची पिशवी नको, नळी आधी गोठते. मोबाइल आणि हेडटॉर्चचे सेल रात्री झोपण्याच्या पिशवीत सोबत घेऊन झोपा. पाळीची तारीख असेल तर जास्तीच्या झिपवाल्या पिशव्या, सगळं परत आणायचं. बर्फात पुरलेलं एप्रिलमध्ये वर येतं.

हिमालयात पहिल्यांदाच जाताय आणि भीती निसरड्याचीच आहे, तर चोपता-तुंगनाथ सोपं वाटेल. पण एक सांगते, तुंगनाथची वाट फरसबंदी आहे. दगडी फरशीवर गोठलेला बर्फ हा मातीवरच्या बर्फापेक्षा वाईट. त्यापेक्षा दयारा बुग्याल, मोकळं कुरण, उतार सौम्य.

करवंद (१५ नोव्हेंबर)

सगळ्यांचे मनापासून आभार. वाचनखूण साठवली. लेकीशी तह झालाय, जानेवारीचा तिसरा आठवडा. तिचं कॉलेज बुडणार, पण ते तिचं ती बघेल. स्पाइक्स विकत घेतले. सोफ्यावर सराव सुरू आहे, सोफ्याला एक भोक पडलंय.

करवंद (२९ जानेवारी)

धागा वर काढतेय. जाऊन आलो!

सांक्रीत दोन रात्री काढल्या. तळं पूर्ण गोठलेलं होतं. बेस कॅम्पला मला रात्रभर डोकं दुखलं, पहाटे उतरलं, रेषेत दहा पावलं चालून दाखवली तेव्हा लेकीने वर जाऊ दिलं. हो, तिनेच.

माथ्याच्या खालच्या शेवटच्या उभ्या चढावर पाय लटपटायला लागले. हेडटॉर्चच्या उजेडात समोर नुसता निळसर कडक उतार. तिथे मी पाऊल टाकण्याआधी प्रत्येक वेळी तोंडाने "पूर्ण तळवा, पूर्ण तळवा" म्हणत होते. पुढच्या वळणापर्यंत मागचे दोन दिल्लीवाले पोरगेही "पुरा तळवा, पुरा तळवा" म्हणायला लागले, अर्थ न कळता. वर पोचलो तेव्हा स्वर्गारोहिणीवर ऊन आलं होतं. रडले थोडी.

उतरताना सगळा ग्रुप बसून घसरत गेला. मी आणि लेक चालत. तिला फार वाईट वाटत होतं, मग खाली एका सपाट जागी संपणाऱ्या छोट्या उतारावर स्पाइक्स काढून तीनदा घसरली, पालथं व्हायचा सरावही केला.

आणि झाडीत शिरलो तेव्हा पानांनी झाकलेलं एक वळण आलं. आमचा गाईड काही म्हणायच्या आधीच मी थांबले, वरच्या कप्प्यातून स्पाइक्स काढले. काठीने पानं बाजूला केली. खाली होता. चिंचपेटी, तुझा पाला. फोटो काढलाय, पाठवते.

एकदाच पडले, सांक्रीत, हॉटेलच्या बाथरूममध्ये.

चिंचपेटी (२९ जानेवारी)

फोटो फ्रेम करून लावणार!

नाणेघाट्या (३० जानेवारी)

करवंदताई, अभिनंदन. स्पाइक्स कोणत्या मापाचे आहेत? फेब्रुवारीअखेर ब्रह्मतालच्या बर्फातल्या ट्रेकला निघालोय. विकत घ्यायचे राहून गेले.

करवंद (३० जानेवारी)

का रे, काही होत नाही ना?

माझे सहा नंबरचे, तुला होणार नाहीत. लेकीची मैत्रीण आठ नंबरचे देते म्हणतेय. रविवारी ठाण्याला ये, बूट घेऊन ये, सोफ्यावर बसून दहा वेळा घालून दाखव, मग ने. पोहे करते.